एक थेंब केवढा?

मुलांनो, संत्रं सोलताना सालीचा बारीकसा फवारा कधी तुमच्या डोळ्यांत उडालाय? डोळे चुरचुरतात, पाणी येतं आणि बोटांना मात्र दिवसभर छान वास येत राहतो. तो फवारा म्हणजे संत्र्याचा रस नव्हे बरं का! सालीवर जे बारीक बारीक ठिपके दिसतात ना, त्या प्रत्येक ठिपक्यात एक इवलीशी पिशवी असते आणि तिच्यात असतं सुगंधी तेल. आपण साल वाकवली की पिशव्या फुटतात आणि तेल बाहेर उडतं.

अशी तेलं कितीतरी वनस्पतींत असतात. लवंगेत, गवती चहात, पुदिन्यात, वाळ्याच्या मुळांत, चंदनाच्या लाकडात. दुकानात त्यांना ‘इसेन्शियल ऑइल’ म्हणतात. आपण त्यांना ‘अर्कतेल’ म्हणू या. आजकाल घरच्या घरी साबण, फेसपॅक, अंगाला लावायचं तेल करायची हौस वाढली आहे. सुट्टीतल्या शिबिरांतही हे शिकवतात. हौस चांगलीच आहे. पण अर्कतेलाची बाटली हातात घेण्यापूर्वी त्याचा स्वभाव माहीत हवा. तो माहीत नसला, तर हौसेची हौस राहते बाजूला आणि दवाखान्याची पायरी चढावी लागते.

नाव तेल, पण गुण वेगळा

एक सोपा प्रयोग करा. पांढऱ्या कागदाच्या एका कोपऱ्यात शेंगदाण्याच्या तेलाचा एक थेंब टाका. दुसऱ्या कोपऱ्यात आईकडून नीलगिरी तेलाचा एक थेंब टाकून घ्या. कागद पंख्यापासून दूर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पाहा. शेंगदाण्याचा डाग तसाच, कागद पारदर्शक झालेला. नीलगिरीचा डाग मात्र जवळजवळ गायब! गेला कुठे? हवेत उडून गेला. म्हणूनच तर बाटलीचं झाकण उघडताच वास घरभर पसरतो.

दुसरा प्रयोग फुग्याचा. फुगा चांगला टम्म फुगवा. संत्र्याच्या ताज्या सालीचा तुकडा फुग्याजवळ धरून दाबा, म्हणजे फवारा फुग्यावर उडेल. (तोंड आणि डोळे लांब ठेवा हं!) फुगा पातळ असेल तर फट्‌दिशी फुटतो. सालीच्या तेलात लिमोनीन नावाचा पदार्थ असतो, तो रबराला दुबळं करतो. हेच तेल थर्मोकोलही विरघळवतं. म्हणून चांगली अर्कतेलं प्लॅस्टिकच्या नव्हे, काचेच्या बाटलीत मिळतात. आता तुम्हीच विचार करा, जे तेल रबराला भारी पडतं, ते गालावर तसंच चोळायचं का?

चार हजार किलो पाकळ्या, एक किलो तेल

ही तेलं काढतात कशी? लिंबू-संत्र्याची बहुतेक वेळा साल दाबून. बाकीच्यांची वाफेनं. भात शिजताना झाकणाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमतात ते पाहिलेत ना? तसंच काहीसं. उत्तर प्रदेशात कनौज नावाचं गाव अत्तरासाठी प्रसिद्ध आहे. तिथे तांब्याच्या मोठ्या हंड्यात फुलं आणि पाणी घालून खालून जाळ करतात. त्या हंड्याला म्हणतात ‘देग’. झाकण मातीनं लिंपून पक्कं बंद करतात. सुगंधी वाफ बांबूच्या नळीतून दुसऱ्या भांड्यात जाते. हे भांडं म्हणजे ‘भपका’. ते गार पाण्यात ठेवलेलं असतं, म्हणून वाफ आत थिजते. अत्तर करायचं असेल, तर भपक्यात आधीच चंदनाचं तेल घालून ठेवतात. त्यात फुलांचा सुगंध उतरतो.

गुलाबाचं नुसतं शुद्ध तेल एक किलो हवं असेल, तर सुमारे ३ ते ४ हजार किलो पाकळ्या लागतात. म्हणजे काही ट्रक भरून फुलं! यावरून एका थेंबात केवढा मोठा ऐवज भरलेला असतो ते ध्यानात येईल.

इथे आजीच्या उटण्याची आठवण होते. दिवाळीच्या उटण्यात वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी असं सगळं वाटून घातलेलं असतं. त्यांतही सुगंधी तेल असतंच. पण वाळ्याच्या मुळांत ते शंभरात फार तर एखाद-दोन भाग. म्हणजे निसर्गानं आधीच सौम्य करून ठेवलेलं! बाटलीतल्या अर्कात मात्र तो सौम्यपणा उरत नाही. म्हणून ‘आजी तुळशीची पानं वाटून लावायची, मग मी तुळशीचं अर्कतेल लावलं तर काय बिघडलं?’ असं म्हणू नये. पान वेगळं, अर्क वेगळा.

‘नैसर्गिक आहे, त्याला काय होतंय!’

हे वाक्य तुम्ही पुष्कळदा ऐकलं असेल. आता मला सांगा, बिब्बा काय कारखान्यात तयार होतो? खाजकुइली काय प्रयोगशाळेत उगवते? दोन्ही अस्सल नैसर्गिक. पण बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं तर फोड येतात आणि खाजकुइलीनं काय होतं ते खेडेगावातल्या मुलांना सांगायला नको! नैसर्गिक म्हणजे निर्धोक असं काही नसतं. कुठली वस्तू, किती, कुठे आणि कुणाला, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

अर्कतेलांतही तिखट आणि सौम्य असे प्रकार आहेत. लवंग आणि दालचिनीची तेलं फार तिखट. ती तोंडाला, गालाला लावायचीच नाहीत. गवती चहाच्या तेलानंही काहींच्या अंगावर पुरळ उठतं. लॅव्हेंडरचं तेल त्या मानानं सौम्य. पण तेही सौम्य करूनच वापरायचं.

लिंबू आणि ऊन

आमच्या शाळेतल्या चौथीच्या एका मुलीची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही. स्नेहसंमेलन जवळ आलं होतं. कुणीतरी तिला सांगितलं, की लिंबाची साल चोळली की रंग उजळतो. तिनं सकाळी दोन्ही गालांवर लिंबाची साल भरपूर चोळली आणि तशीच मैदानावर लेझमीच्या सरावाला आली. तास-दीड तास उन्हात. त्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी गाल लाल झाले, आग व्हायला लागली. मग ठिकठिकाणी बारीक फोड आले आणि ते बसल्यावर ओघळ आल्यासारखे तपकिरी चट्टे उमटले. स्नेहसंमेलनात ती तोंडाला रुमाल बांधून मागच्या रांगेत उभी राहिली.

डॉक्टरांनी चट्टे पाहताच पहिला प्रश्न विचारला, ‘लिंबू लावलं होतंस का?’

त्यांना कसं कळलं? लिंबाच्या सालीत आणि रसातही असे काही पदार्थ असतात, की ते कातडीवर असताना सूर्याचे अतिनील किरण पडले, तर कातडी आतून भाजल्यासारखी होते. सालीत ते रसापेक्षा जास्त असतात आणि साल दाबून काढलेल्या तेलातही उतरतात. मजा पाहा, आयुर्वेदात बावची नावाची वनस्पती आहे. पांढऱ्या डागांवर तिचं औषध आणि त्यासोबत ऊन असा उपचार फार जुना आहे. बावचीतले आणि लिंबाच्या सालीतले हे पदार्थ एकाच घराण्यातले! वैद्याच्या हाती ते औषध ठरतं. मापाविना, मनाला येईल तसं चोळलं की इजा होते.

त्या मुलीचे चट्टे जायला दोन-तीन महिने लागले. तेवढे दिवस ती वर्गात हात गालावर ठेवून बसायची. मला चट्ट्यांपेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटायचं. मुलांनो, सावळा रंग हा काही आजार नाही, की त्यावर इलाज शोधावा. कातडीचा रंग ज्या रंगद्रव्यानं येतो, तेच रंगद्रव्य आपलं उन्हापासून रक्षण करतं. कातडी स्वच्छ असावी, निरोगी असावी. ती गोरी असलीच पाहिजे हे कुणी ठरवलं?

आता गणित!

अर्कतेल कधीही नुसतं लावायचं नाही, हा पहिला नियम. ते खोबरेल, तीळ, बदाम अशा साध्या तेलात मिसळायचं. पाण्यात नाही. पाण्यात टाकलं तर तेल वर तरंगतं आणि बादलीतलं पाणी अंगावर घेताना तो तिखट थेंब जसाच्या तसा कातडीला चिकटतो. बादलीत चार थेंब टाकून आंघोळ करण्याची युक्ती म्हणूनच चांगली नाही.

मग किती मिसळायचं? ड्रॉपरनं मोजलं तर १ मिलिलिटरमध्ये साधारण २० थेंब बसतात. (ड्रॉपर आणि तेल बदललं की थोडा फरक पडतो.) औषधाच्या बाटलीबरोबर मिळतो तो लहान चमचा ५ मिलिलिटरचा. म्हणजे एका चमच्यात १०० थेंब. त्या चमचाभर खोबरेल तेलात अर्कतेलाचा एक थेंब टाकला, तर प्रमाण झालं शंभरात एक, म्हणजेच १ टक्का. शेकडेवारीचं गणित असं कामी येतं!

मोठ्या माणसांना अंगाला लावायला १ ते २ टक्के पुष्कळ. चेहऱ्याला त्याहून कमी, अर्धा ते १ टक्का. तुमच्यासारख्या शाळकरी मुलांना अर्धा टक्का, म्हणजे दोन चमचे तेलात एकच थेंब. दोन वर्षांखालच्या बाळाला एकही थेंब नाही. गरोदर बायकांनी आणि दम्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच. जास्त थेंब टाकले म्हणजे जास्त गुण येतो, असं मुळीच नाही. आमटीत मीठ जास्त पडलं तर ती जास्त चांगली होते का?

आधी कोपराला विचारा

मिश्रण तयार झालं की लगेच चेहऱ्याला फासायचं नाही. कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे हात दुमडतो तिथे, त्या मिश्रणाचा एक ठिपका लावा. एक दिवस, जमलं तर दोन दिवस थांबा. लाली, खाज, आग, पुरळ यांपैकी काही झालं तर ते तेल तुमच्यासाठी नाही. मैत्रिणीला चाललं म्हणून आपल्याला चालेल असं नसतं. कापलेल्या, खरचटलेल्या किंवा पुरळ आलेल्या जागी तर ठिपकासुद्धा लावू नका.

आणखी एक गोष्ट. जुनं तेल हे नव्यापेक्षा जास्त त्रास देतं. हवा आणि उजेड लागला की अर्कतेलातले पदार्थ बदलतात आणि त्यांनी ॲलर्जी व्हायची शक्यता वाढते. म्हणून बाटली गडद रंगाच्या काचेची हवी, झाकण घट्ट हवं आणि जागा थंड, अंधारी हवी. लिंबू-संत्र्याची तेलं वर्षभराच्या आत संपवावीत. अर्कतेल पेटही घेतं, तेव्हा गॅस आणि निरांजनापासून लांबच बरं.

करून पाहा

_हिवाळ्यातलं तळपायाचं तेल (दहा वर्षांवरची मुलं आणि मोठी माणसं यांच्यासाठी)_

साहित्य : तिळाचं किंवा खोबरेल तेल ५० मिलिलिटर, लॅव्हेंडरचं अर्कतेल ५ थेंब, गडद काचेची एक स्वच्छ बाटली, चिठ्ठी, डिंक.

कृती : बाटली धुऊन उन्हात खडखडीत वाळवा. आत पाण्याचा थेंबही नको. आधी साधं तेल ओता. खोबरेल थिजलं असेल तर बाटली कोमट पाण्यात धरून पातळ करून घ्या. मग आई किंवा बाबांना ५ थेंब मोजून टाकायला सांगा. बाटली दोन हातांत धरून हळूहळू फिरवा. चिठ्ठीवर नाव, प्रमाण आणि तारीख लिहून चिकटवा. कोपराची परीक्षा झाल्यावर रात्री पाय धुऊन, पुसून तळपायांना चोळा आणि मोजे घाला. मोजे का? नाहीतर फरशीवरून घसराल! टाचेच्या भेगांतून रक्त येत असेल तर हे तेल लावू नका.

_थेंबाविना फेसपॅक_

दोन चमचे मुलतानी मातीत मावेल तेवढं गुलाबपाणी घालून लेप करा. दहा मिनिटांनी, पुरता वाळण्याआधीच, धुऊन टाका. गुलाबाचं तेल काढताना वाफेचं जे पाणी जमतं, तेच खरं गुलाबपाणी. त्यात सुगंध उतरतो, पण तेलाचा तिखटपणा नसतो. बाजारात मिळणाऱ्या काही बाटल्यांत नुसतं पाणी आणि कृत्रिम वास असतो, म्हणून लेबल वाचून घ्या. उरलेला लेप ठेवू नका. ज्यात पाणी आहे, त्यात जंतू वाढतात आणि दोन थेंब अर्कतेलानं ते थांबत नाहीत.

शब्दामागची गोष्ट

अरोमाथेरपी हा शब्द तुम्ही पाट्यांवर वाचला असेल. रने मोरिस गाटफॉसे या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १९३७ मध्ये याच नावाचं पुस्तक लिहिलं. १९१० मध्ये प्रयोगशाळेतल्या स्फोटात तो भाजला होता. भाजल्याबरोबर त्यानं हात लॅव्हेंडरच्या तेलात बुडवला, अशी गोष्ट लोक रंगवून सांगतात. त्यानं स्वतः लिहिलं ते वेगळंच आहे. पुढे जखमा चिघळल्या, तेव्हा त्यानं त्या तेलानं धुतल्या. त्या काळी आजच्यासारखी औषधं नव्हती. आज भाजलं तर एकच करायचं. नळाच्या साध्या, वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं हात धरायचा आणि डॉक्टरांकडे जायचं. तेल नाही, टूथपेस्ट नाही, हळदही नाही.

आईबाबांसाठी

आता थोडं आईबाबांशी बोलते. मुलांनो, हे त्यांना वाचून दाखवा.

अर्कतेलाचा सगळ्यात मोठा धोका कातडीला नाही, पोटाला आहे. नीलगिरीचं तेल घरोघरी असतं. लहान मुलानं ते चमचाभर प्यायलं तरी गुंगी येऊ शकते, झटके येऊ शकतात. कापराचंही तसंच. कापराची वडी खडीसाखरेसारखी दिसते आणि देवघरातली डबी बरोबर रांगत्या बाळाच्या हाताला लागेल अशीच असते! एक ग्रॅमच्या आसपास कापूर पोटात गेल्यानं लहान मुलं दगावल्याची नोंद वैद्यकीय पुस्तकांत आहे. परिणाम दिसायला कधी कधी पाच-दहा मिनिटंसुद्धा पुरतात.

असं घडलंच तर उलटी काढायला लावू नका. उलटी होताना तेल फुप्फुसात जाऊ शकतं. मिठाचं पाणी, दूध, तूप काही पाजू नका. १०८ वर फोन करा किंवा मिळेल त्या वाहनानं दवाखाना गाठा. तेलाची बाटली किंवा कापराची डबी बरोबर न्या, म्हणजे डॉक्टरांना नेमकं कळेल. डोळ्यांत थेंब गेला तर १५ मिनिटं स्वच्छ पाण्यानं डोळा धूत राहा आणि मग डॉक्टरांना दाखवा. कातडीवर नुसतं तेल सांडलं तर फडक्यानं टिपून साबण-पाण्यानं धुवा.

सर्दी झाली की बाळाच्या झबल्याला कापराची पुरचुंडी बांधायची किंवा नाकाखाली नीलगिरी, पुदिन्याचं फूल लावायचं, ही रीत पुष्कळ घरांत आहे. त्यामागची माया खरी आहे. पण या तीव्र वासांनी लहान बाळाचा श्वास अडखळू शकतो. दोन वर्षांखालच्या बाळाला हे करू नये. घरात मांजर असेल, तर तिच्याही अंगाला अर्कतेल लावू नका. हे पदार्थ पचवून बाहेर टाकायची सोय मांजराच्या यकृतात अपुरी असते. पिसवांवर उपाय म्हणून चोळलेलं टी-ट्री तेल चाटून मांजरं आजारी पडतात.

विकत घेताना लेबलावर वनस्पतीचं शास्त्रीय नाव आहे का ते पाहा. अगरबत्तीसाठी, मेणबत्तीसाठी म्हणून मिळणारी वासाची तेलं अंगाला लावण्यासाठी नसतात. आणि वास गोड आला म्हणून कुठलंही अर्कतेल सरबतात, चहात घालू नका.

या रविवारचा गृहपाठ

वही-पेन्सिल घ्या आणि आईबाबांबरोबर घरातून एक फेरी मारा. गुडघ्यांवर बसा, म्हणजे तुमची उंची धाकट्या भावंडाएवढी होईल. आता हात लांब करा. कुठल्या कुठल्या बाटल्या, डब्या हाताला लागतात? देवघरातला कापूर, खिडकीतली नीलगिरी, कपाटातलं लवंगेचं तेल, कपड्यांतल्या डांबरगोळ्या? यादी करा आणि त्या सगळ्या वस्तू मोठ्यांकरवी वरच्या, बंद होणाऱ्या फडताळात ठेवा. घरी लहान भाऊ-बहीण नसेल तरी हे कराच. पाहुण्यांचं बाळ काय सांगून थोडंच येतं?

आणि एक गणित. १०० मिलिलिटर खोबरेल तेल आहे. त्यात अर्धा टक्का लॅव्हेंडर मिसळायचं आहे. किती थेंब टाकाल?

(उत्तर : १०० मिलिलिटर म्हणजे २००० थेंब. त्याचा एक टक्का २० थेंब, अर्धा टक्का १० थेंब. अकरावा नको!)